शटर जड लागले, की थांबावे

सुरत म्हटले की आपल्या पुरुषमंडळींना शाळेतल्या पुस्तकातली शिवरायांची १६६४ ची स्वारी आठवते आणि बायकांना साड्या. बेळगावच्या खडेबाजारात हौसेने घेतलेल्या कित्येक साड्या तापीकाठच्या त्या शहरातून आलेल्या असतात. माझ्या बाबतीत मात्र सुरत म्हणजे अक्काचे सासर. दाजी मूळचे नंदुरबारकडचे. साड्यांच्या एका व्यापाऱ्याकडे नोकरीला असताना मालाच्या निमित्ताने ते बेळगावला येत. ओळखीतून स्थळ आले आणि आमची अक्का लग्न होऊन थेट सुरतेला गेली. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून गेलेली इतकी मराठी कुटुंबे आहेत, की तिला भाषेची अडचण अशी कधी पडलीच नाही. महानगरपालिकेच्या मराठी शाळाही तिथे आहेत. घरात मराठी, बाजारात गुजराती, सासूबाईंशी अहिराणी आणि माहेरचा फोन आला की मध्येच दोन शब्द कानडी, असा अक्काचा संसार.

अक्काचे घर म्हणजे खाली दोन शटर आणि वर राहती जागा. एका शटरच्या आत तिचे मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल असा माल, आणि शेजारी फॉल-बीडिंगचे मशीन. दुसऱ्या शटरच्या आत दाजींची स्कूटर आणि छोटी मोटार. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिकडे गेलो, तेव्हा पहिल्याच दिवशी लक्षात आले, की दुकानाचे शटर उघडायला दोन माणसे लागतात. भाचा एका बाजूला, अक्का दुसऱ्या बाजूला. वर गेल्यावरही ते जागेवर राहत नसे. म्हणून दाजींनी एक बांबू कापून ठेवला होता. शटर छातीपर्यंत आले, की तो खाली टेकवायचा, दम घ्यायचा आणि मग उरलेले वर ढकलायचे.

मी विचारले, "दाजी, मिस्त्रीला का बोलवत नाही?"

"अहो, गेल्या दिवाळीपासून असंच चाललंय. सीझन संपला की बघू," दाजी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी शटर वर जात असताना फटाका फुटावा तसा मोठा आवाज झाला. दुसऱ्या क्षणी शटर धाडकन खाली आले. भाच्याने प्रसंगावधान राखून आईला मागे ओढले म्हणून डोके आणि पाय वाचले, पण डावा हात पट्ट्यांमध्येच राहिला. दोन बोटांना टाके पडले, एका बोटाचे हाड मोडले. डॉक्टरांनी दीड महिना त्या हाताने काही करायचे नाही असे सांगितले. फॉल-बीडिंगचे मशीन बंद पडले ते तेव्हापासूनच. लग्नसराईच्या दिवसांत अक्काच्या घरात येणारा तिच्या हाताचा पैसा थांबला. एका स्प्रिंगने हे केले.

पाना खाली ठेवा

खरी चूक तर आम्ही पुढे करणार होतो. दवाखान्यातून परत आल्यावर दाजींनी स्टूल मागवले आणि हातात पाना घेतला. वरच्या पत्र्याच्या खोक्याचे झाकण उघडून "काय तुटलंय ते तरी बघू" असे त्यांचे म्हणणे. दुकान बंद राहिले तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, ही भीती. स्टूल धरायला मीच उभा होतो. वर्गात साठ मुलांना उपदेश करणारा माणूस स्टूल धरून उभा! तेवढ्यात शेजाऱ्याने बोलावलेला शटरचा मिस्त्री आला. शिरपूरकडचा, पन्नाशीचा माणूस. त्याने आधी दाजींच्या हातातला पाना काढून घेतला.

"शेठ, एक स्प्रिंग तुटली म्हणजे बाकीच्या मेल्या असं समजू नका. त्या अजून पिळलेल्या आहेत. बोल्ट सुटला असता तर पाइप फिरला असता, आणि पाना तुमच्या तोंडावर आला असता."

मग चहा पिताना त्याने आम्हाला शटरची सगळी रचना समजावून सांगितली. आपण रोज जी वस्तू दोनदा वरखाली करतो तिच्याविषयी आपल्याला किती कमी माहिती असते, हे त्या अर्ध्या तासात कळले.

शटर म्हणजे एकमेकींत अडकवलेल्या लोखंडी पट्ट्या. दोन्ही बाजूंच्या उभ्या खाचांतून, म्हणजे गाइडमधून, त्या वरखाली सरकतात आणि वरच्या पाइपाला गुंडाळल्या जातात. सरकारी बांधकामांसाठी केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने जे वर्णन ठरवून दिले आहे, त्यात या पट्ट्या ८० मिलिमीटर रुंद आणि सव्वा मिलिमीटर जाड पत्र्याच्या असतात. आता हिशेब करून पाहा. दहा फूट रुंद आणि आठ फूट उंच शटरला एवढ्या जाडीचा नुसता सपाट पत्रा वापरला, तरी त्याचे वजन सत्तर किलोच्या वर जाते. त्यात पट्ट्यांच्या घड्या, तळाची जाड पट्टी आणि कुलपाची पट्टी धरली की आकडा आणखी वाढतो. म्हणजे एका धट्ट्याकट्ट्या माणसाहूनही जास्त वजन आपण रोज सकाळी एका हाताने उचलतो!

ते उचलता येते ते स्प्रिंगांमुळे. वरच्या पाइपावर कडक तारेच्या स्प्रिंगा बसवलेल्या असतात. शटर खाली ओढले की त्या पिळल्या जातात, वर ढकलले की त्यांचा पीळ सुटतो आणि तो पीळच वजन उचलतो. लहानपणी चावी देऊन सोडायची पत्र्याची मोटार आपण खेळलो आहोत. तत्त्व तेच, फक्त इथे चावी आपण शटर खाली ओढून देतो.

यातून एक गोष्ट ध्यानात येते. शटर बंद असते तेव्हा सगळा ताण स्प्रिंगांत साठलेला असतो. शटर उघडे असते तेव्हा सगळे वजन आपल्या डोक्यावर असते. म्हणजे झाकण उघडून हात घालायला सुरक्षित अशी वेळच नाही. मिस्त्री पाइपाला आधी पक्के अडकवतो, दुसरा माणूस धरायला ठेवतो आणि मग लोखंडी कांबीने पीळ थोडा थोडा उतरवतो. हे काम पाहून शिकायचे नव्हे, हाताखाली राहून शिकायचे आहे.

जड होणे हाच निरोप

मिस्त्री म्हणाला, "शटर एका दिवसात मोडत नाही. ते आधी सहा महिने बोलत असतं."

त्याचे म्हणणे सोपे होते. स्प्रिंग थकली की शटर जड लागते. आपण काय करतो? आपला जोर वाढवतो. एका माणसाच्या जागी दोन लावतो, बांबू टेकवतो, गाइडमध्ये तेल ओततो. दुखणे स्प्रिंगचे आणि औषध गाइडला! अक्काकडे नेमके हेच झाले होते.

शटर बरे आहे की नाही, हे घरच्या घरी पाहता येते. रोजच्यासारखे शटर कमरेपर्यंत उचलावे, पाय आणि शरीर त्याच्या रेषेबाहेर ठेवावे आणि हाताचा जोर हळूहळू कमी करावा. चांगले शटर तिथेच थांबते किंवा अगदी मंद सरकते. भरकन खाली येऊ लागले तर स्प्रिंग ढिली झाली आहे, आणि आपोआप वर उसळले तर पीळ जास्त झाला आहे. दोन्ही वेळा मिस्त्रीलाच बोलवावे. शटर आधीपासूनच दोन माणसांनाही जड जात असेल, तर ही परीक्षा घेऊच नये. तिचा निकाल लागलेलाच आहे.

दुसरी खूण आवाजाची. रोजचा खडखडाट आपल्या कानाला ठाऊक असतो. त्यात कर्रर्र असा घासल्याचा, टक्‌ टक्‌ असा अडकल्याचा किंवा वर पाइपाजवळ ठोकल्याचा आवाज मिसळला, तर कारण शोधावे. तिसरी खूण डोळ्यांची. तळाची पट्टी जमिनीला समांतर टेकते की एक कोपरा आधी टेकतो? एखादी पट्टी बाजूला सरकून गाइडबाहेर डोकावते का? भिंतीतल्या ब्रॅकेटचे बोल्ट ढिले झाले आहेत का, तिथल्या गिलाव्याला तडा गेला आहे का? हे सगळे जमिनीवर उभे राहून दिसते. त्यासाठी स्टूल लागत नाही.

शटर तिरके चालण्याचे एक कारण आपणच असतो. पुष्कळ जण घाईत एकाच मुठीला धरून झटका देतात. त्यामुळे एक बाजू पुढे जाते, दुसरी मागे राहते आणि पट्ट्या गाइडमध्ये अडतात. मधोमध किंवा दोन्ही मुठी धरून, एका लयीत वर न्यावे. कुणी पट्ट्यांच्या सांध्यात बोटे घालून शटर ओढत असेल, तर त्याला तिथेच थांबवावे. अक्काची बोटे त्याच जागी सापडली होती.

पाणी, गाळ आणि गंज

दाजींनी एक जुनी आठवण सांगितली. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून पाणी सोडल्यानंतर तापीला महापूर आला आणि सुरतेचा मोठा भाग पाण्याखाली गेला. पाणी ओसरल्यावर त्यांच्या ओळखीच्या एका दुकानदाराने गाळाने अडलेले शटर चार माणसे लावून जबरदस्तीने वर केले. पट्ट्या वाकल्या, एक बाजू गाइडमधून निसटली आणि सगळे शटर नवे घ्यावे लागले. गाळ ओला असतानाच पाण्याने धुतला असता तर ते वाचले असते.

हा अनुभव आपल्यालाही नवा नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा या नद्यांनी आपल्या जिल्ह्यात काय केले, ते चिकोडी-गोकाककडच्या वाचकांना सांगायला नको. घरात पाणी शिरून गेले असेल, तर गाइड आधी स्वच्छ पाण्याने धुवावेत, वाळू द्यावेत आणि मगच शटर हलवून पाहावे. मोटरवर चालणारे शटर असेल, तर वीजमिस्त्रीने तपासल्याखेरीज बटण दाबू नये. शटर संपूर्ण लोखंडाचे आहे. त्यात वीज उतरली, तर हात लावणाऱ्याला धक्का बसतो. पावसाळ्यात शटरला हात लावताना किंचित जरी झिणझिण्या आल्या, तरी मुख्य स्विच बंद करून वीजमिस्त्रीला बोलवावे.

एरवीची निगा फार नाही. महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशने किंवा फडक्याने गाइडमधली धूळ काढावी. दाट ग्रीस किंवा गाडीचे जळके ऑइल गाइडमध्ये चोपडू नये. त्याला धूळ चिकटून लापशी तयार होते आणि शटर आणखी अडते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा सिलिकॉनचा स्प्रे हलक्या हाताने मारला तरी पुरतो. गंज दिसला तर घासून रंग द्यावा. तळाच्या पट्टीला गंज आधी लागतो, कारण पाणी तिथे साचते. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा मिस्त्रीकडून स्प्रिंगा, बेअरिंग आणि ब्रॅकेट तपासून घ्यावेत. एक स्प्रिंग तुटली असेल, तर तिच्या वयाच्या बाकीच्या स्प्रिंगांचे काय, हेही त्याला विचारावे. आमच्या मिस्त्रीने सगळ्याच बदलायला लावल्या.

नवे शटर घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. शटरांसाठी आपल्या देशात भारतीय मानक आहे, त्याचा क्रमांक ६२४८. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत १० चौरस मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे १०७ चौरस फुटांपेक्षा, मोठ्या शटरला साखळी व दांड्याची वेगळी यंत्रणा धरलेली असते. मोटार ठेवण्यासाठी मोठे शटर बसवायचे आणि पैसे वाचवायला ते हातानेच ओढायचे, हा हिशेब पुढे कंबरेला महाग पडतो.

"इथं झोपतं कोण?"

नव्या स्प्रिंगा बसल्या आणि शटर एका बोटाने वर गेले. आम्ही खूश झालो. मिस्त्री मात्र आत पाहत होता. माळ्यावर एक गुंडाळलेले अंथरूण होते.

"शेठ, इथं झोपतं कोण?"

दुकानात काम करणारा नवापूरकडचा एकोणीस वर्षांचा मुलगा तिथे झोपत असे.

"मग रात्री शटर कोण लावतं?"

"मीच लावतो," दाजी म्हणाले. "बाहेरून. किल्ली वर माझ्या उशाशी असते."

"आणि मागचं दार?"

मागचे दार होते. त्याच्यापुढे अस्तराच्या गठ्ठ्यांची चळत छतापर्यंत गेली होती.

कुणी काही बोलले नाही. दाजी वाईट माणूस नाहीत. त्या मुलाला ते घरचे जेवण देतात, त्याच्या आईला दर महिन्याला फोन करतात. चोरीची भीती म्हणून कुलूप बाहेरून, आणि जागा कमी म्हणून गठ्ठे दारात. आपल्या गावातल्या किती दुकानांत याहून वेगळे चित्र आहे?

मला पुण्याकडच्या बातम्या आठवल्या. ३० डिसेंबर २०१६ च्या पहाटे कोंढव्यात एका बेकरीला आग लागली. आत झोपलेले सहा कामगार गेले, दार बाहेरून बंद होते. ९ मे २०१९ ला उरुळी देवाची येथे कापडाच्या दुकानात पाच कामगार असेच गेले, तिथेही कुलूप बाहेरून होते. ३० ऑगस्ट २०२३ च्या पहाटे पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत दुकानातच राहणारे पती, पत्नी आणि त्यांची दोन मुले आगीत अडकून मरण पावली. बाहेर पडायला दुसरी वाट हवी, हे खुद्द सुरतेला वेगळे सांगायला नको. २४ मे २०१९ ला सरथाणा भागातल्या तक्षशिला आर्केडमध्ये आग लागली, तेव्हा वरच्या मजल्यावर क्लासला आलेले २२ विद्यार्थी गेले. जिना आगीत सापडला आणि मुलांनी वरून उड्या टाकल्या.

मिस्त्रीचे पुढचे वाक्य माझ्या मनातून जात नाही. तो म्हणाला, "कुलूप नसतं तरी काय झालं असतं? कालपर्यंत हे शटर दोघांना उचलत नव्हतं. धुरात एकट्या पोराला उचललं असतं?"

त्या वाक्याने मला सगळ्या प्रकरणाचा अर्थ लागला. शटरची दुरुस्ती म्हणजे मालाची काळजी असे आपण समजतो. पण आत माणूस असेल तर जड झालेले शटर हेच एक कुलूप असते, आणि त्याची किल्ली कुणाकडेच नसते. वीज गेल्यावर हाताने न उघडणारे मोटरचे शटरही तसेच. म्हणून मोटर बसवणाऱ्याकडून वीज नसताना साखळीने शटर कसे उघडायचे ते शिकून घ्यावे आणि घरातल्या सगळ्यांनी, सासूबाईंनी आणि शाळकरी मुलांनीसुद्धा, एकदा ते करून पाहावे. दरवाजा आपोआप थांबवणारा सेन्सर असला, तरी त्याच्या भरवशावर लेकराला खालून पळू देऊ नये.

त्याच संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी मिळून गठ्ठे हलवले. मागचे दार किती दिवसांनी उघडले कोण जाणे, कडी गंजली होती. तिला तेल दिले, आतून लावता येईल अशी नवी कडी बसवली. मुलगा आता शटर आतून लावतो, आणि मागच्या दारापुढे चपलासुद्धा ठेवायच्या नाहीत असा अक्काचा हुकूम आहे. एका हाताला पट्टी असताना दुसऱ्या हाताने ती गठ्ठे दाखवत होती. "हा इथला उचल रे, तो तिकडं ठेव," असे माहेरच्या सुरात चालले होते.

परत आल्यावर

बेळगावला परतल्यावर पहिले काम केले ते आमच्या घराखालचे शटर पाहण्याचे. वर्षभरापूर्वीच ते थोडे जड लागू लागले होते, हे मला तेव्हा कळले. म्हणजे ते कळले होतेच, मी ऐकले नव्हते. आमच्या सौभाग्यवती धारवाडकडच्या. मी पूर्वी शटर दणकन खाली आदळले, की त्या आतून म्हणायच्या, "सावकाश!" हा शब्द आपल्याकडे गंमतीचा आहे. त्या तो कानडीत म्हणत असतात आणि मला तो मराठीत ऐकू येतो. आपल्या दोन्ही घरांचा तो शब्द आहे. कर्नाटकात रस्त्याकडेला ठिकठिकाणी लिहिलेले असते, "अवसरवे अपघातक्के कारण". घाई हेच अपघाताचे कारण. ते फक्त गाड्यांसाठी लिहिलेले आहे, असे मी इतकी वर्षे समजत होतो.

आपल्या बाजारपेठेत दुपारी जेवणाच्या वेळी अर्धे शटर ओढून बसायची पद्धत आहे. मुले त्या अर्ध्या शटरखालून वाकून आतबाहेर करतात, गिऱ्हाईकही डोके घालते. यापुढे ते पाहाल तेव्हा वर पाइपावर किती वजन टांगले आहे ते आठवावे. शटर एक तर पूर्ण वर असावे, नाही तर पूर्ण खाली. अर्धेच ठेवायचे असेल, तर मिस्त्रीकडून अडकवणीची पक्की सोय करून घ्यावी. बांबू ही सोय नव्हे.

वाचकांनी कापून ठेवावे म्हणून थोडक्यात सांगतो.

स्वतः करावे ते इतकेच : गाइड पुसणे, गंज घासून रंग देणे, आवाज ऐकणे, कमरेपर्यंत उचलून तोल पाहणे, मागची वाट मोकळी ठेवणे, आणि पदर, ओढणी, बांगड्या सांभाळून दोन्ही मुठींनी शटर ओढणे. लहान मुलांना शटरला लोंबकळू देऊ नये आणि रिमोट त्यांच्या हाती देऊ नये.

मिस्त्रीला बोलवावे ते असे असेल तेव्हा : शटर जड लागणे किंवा आपोआप घसरणे, मोठा आवाज होऊन स्प्रिंग तुटणे, शटर तिरके चालणे, पट्टी गाइडबाहेर येणे, ब्रॅकेट किंवा पाइप हलणे, मोटरला जळका वास येणे. मिस्त्री येईपर्यंत शटर ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत ठेवावे, खालून कुणाला जाऊ देऊ नये आणि वरचे झाकण उघडू नये.

आत कुणी झोपत असेल तर बाहेरून कुलूप कधीही लावू नये. आग लागली तर १०१ किंवा ११२, कुणी जखमी झाले तर १०८.

अक्काचा परवा फोन आला. पट्टी निघाली आहे, बोट अजून पूर्ण वाकत नाही, पण मशीनवर बसू लागली आहे. मी विचारले, "शटर कसं आहे?"

ती म्हणाली, "अरे, आता इतकं हलकं आहे, की पोरगा एकटा उघडतो. रोज रात्री झोपण्याआधी एकदा आतून उघडून बघतो आणि मग लावतो. मीच सांगितलंय त्याला."

आमच्याकडच्या मिस्त्रीला मी येत्या रविवारी बोलावले आहे.